अडून बसलेला साचा

फार जुनी गोष्ट. जपानातल्या एका डोंगरगावात किनुए नावाची बाई कागदाचे दिवे करी. लाकडी पट्ट्यांच्या साच्यावर बांबूच्या काड्या गुंडाळायच्या, वर कागद चिकटवायचा आणि खळ वाळली की साच्याच्या पट्ट्या सुट्या करून दिव्याच्या तोंडातून काढून घ्यायच्या, अशी तिथली रीत.

एकदा साचाच अडून बसला. कागदाला म्हणाला, "बाळा, तू उभा आहेस तो माझ्या जिवावर. मी निघालो की तुझा चोळामोळा होईल."

"मग जाऊ नका, काका," कागद घाबरून म्हणाला.

किनुएने पट्टी ओढून पाहिली. ती हलेना. जोर लावावा तर कागद फाटायचा, म्हणून तिने तो दिवा तसाच फळीवर ठेवला.

दिवेलागणीला ती मेणबत्त्या घेऊन आली. शेजारचे दिवे उजळले. याच्यात डोकावून ती म्हणाली, "तुझ्यात तर जागाच नाही रे," आणि पुढे गेली.

"काका," कागद हळूच म्हणाला, "मी चुरगळलो नाही, हे खरं. पण मी दिवा कधी होणार?"

हे ऐकून साच्याने अंग सैल सोडलं.

परतताना किनुएने पुन्हा हात घातला, तर पट्ट्या अलगद बाहेर आल्या. कागद जरा थरथरला, पण उभा राहिला. तिने आत मेणबत्ती लावली.

खाली पडल्या पडल्या साच्याने वर पाहिलं. आपला आकार एवढा देखणा आहे, हे त्याला बाहेर आल्यावर कळलं.