शंभर टक्के आणि एक इस्त्री

एका व्यापारी नगरात एक वृद्ध गुरुजी राहत असत. गोष्ट फार जुनी समजू नका, अलीकडचीच आहे. अर्थशास्त्र शिकवण्यात त्यांची पन्नास वर्षे गेली होती. त्या नगराचे व्यापारी मंडळ दरवर्षी एक पुरस्कार देत असे. अर्थव्यवहारात ज्याने काही नवे शोधून काढले, त्याला चांदीचे मानपत्र, पाच लाख रुपये आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याची योजना चाळीस गावांत राबवण्याचे वचन. परीक्षक मंडळाचे प्रमुख होते गुरुजी. त्या वर्षी पुरस्कार जाहीर झाला, तो नेमका त्यांच्याच एका शिष्याला. लोक कुजबुजले नाहीत असे नाही. पण शिष्याचे काम खरोखरच तसे होते.

काय होते ते काम? रस्त्याच्या कडेला बसून पोट भरणाऱ्या बायकांना बँका दारात उभे करत नाहीत, हे आपण जाणतोच. शिष्याने एका पतपेढीला राजी केले आणि अशा बायकांचे पाच-पाच जणींचे गट पाडले. प्रत्येकीला छोटेसे कर्ज, आणि प्रत्येकीला जामीन गटातल्या उरलेल्या चौघी. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. तारण नाही, कोर्टकचेरी नाही. दोन वर्षांत अकराशे बायकांना कर्ज मिळाले. आणि वसुली किती म्हणाल? शंभर टक्के! भल्याभल्या बँकांचे साहेब तो आकडा डोळे चोळून पाहत होते.

समारंभाच्या दिवशी सकाळी शिष्य नवा कोट घेऊन गल्लीच्या कोपऱ्यावर गेला. तेथे शेवंताबाई इस्त्रीचे टेबल मांडून बसत. योजनेतल्या पहिल्या गटातली ही पहिली बाई; पुरस्कारासाठी पाठवलेल्या त्याच्या निबंधाची सुरुवातच तिच्यापासून होती. आज मात्र टेबल रिकामे, बाईचा पत्ता नाही. "नेमकी आजच दांडी!" तो चरफडला. शेवटी शेजाऱ्यांची विजेची इस्त्री मागून आणली आणि घाईघाईत कोटाच्या बाहीवर एक भलीमोठी चुणी पाडून ठेवली. ती झाकत झाकतच स्वारी व्यासपीठावर जाऊन बसली.

सभागृह खचाखच भरले होते. पहिल्या रांगेत शिष्याचे आईवडील होते. आईने ठेवणीतले लुगडे नेसले होते. गुरुजी आले, आणि शिष्याला नवल वाटले. जन्मभर परीटघडीचे धोतर नेसणारे गुरुजी आज चक्क चुरगळलेल्या धोतरात आले होते. चेहराही ओढलेला दिसत होता.

भाषणे झाली. अध्यक्षांनी चांदीचे मानपत्र गुरुजींच्या हाती दिले, शिष्य पुढे झाला, टाळ्या सुरू झाल्या. गुरुजींनी ते मानपत्र टेबलावर पालथे ठेवले. मग खुर्चीखालून एक कापडी पिशवी ओढली, तिच्यातून कोळशाची एक जुनाट, काळीकुट्ट इस्त्री काढली आणि ती शिष्याच्या हातांत दिली.

"नीट धर," ते म्हणाले, "जड आहे."

टाळ्या जागच्या जागी थांबल्या. अध्यक्ष खुर्चीतून अर्धवट उठले. "गुरुजी, अहो हे काय? भर सभेत ही कसली थट्टा?"

शिष्याच्या तर कानशिलांपर्यंत रक्त चढले. दोन वर्षे राबलो ते यासाठी? आईबापांसमोर, साऱ्या गावासमोर हा अपमान? तो काहीतरी कडक बोलणार, तेवढ्यात त्याची नजर इस्त्रीच्या मुठीवर गेली. मुठीला लुगड्याच्या हिरव्या काठाची चिंधी गुंडाळलेली होती. ती चिंधी तो दोन वर्षे रोज येताजाता पाहत होता.

"गुरुजी... ही शेवंतामावशींची. तुमच्याकडे कशी आली?"

"भंगारवाल्याच्या दुकानातून. काल संध्याकाळी मी ती विकत आणली." ध्वनिक्षेपक चालूच होता; गुरुजींचा संथ आवाज सभागृहाच्या टोकापर्यंत पोहोचत होता. "आजच्यासाठी धोतर द्यायला गेलो होतो. बाई रिकाम्या टेबलापाशी बसली होती. तिच्या गटातल्या बांगडीवाल्या कमळाबाईच्या नवऱ्याचा पाय मोडला आहे. तीन महिने कमळाचा हप्ता बाकीच्या तिघींनी आळीपाळीने भरला. या महिन्यात शेवंताची पाळी होती. घरात विकण्याजोगे एवढेच होते. मी म्हटले, 'अगं, एक महिना राहिला असता हप्ता, तर काय आभाळ कोसळले असते?' यावर ती काय म्हणाली, ठाऊक आहे?"

शिष्याला ठाऊक नव्हते.

"म्हणाली, 'आमच्या पोराचं बक्षीस आहे ना, गुरुजी. शंभराचे नव्याण्णव झाले असते म्हंजे?'"

शिष्याला महिन्यापूर्वीची बैठक आठवली. त्याने सर्व जणींना पेढे वाटले होते आणि हसत हसत बोलून गेला होता, 'बायांनो, एवढा महिना एकही हप्ता चुकवू नका हं! माझ्या बक्षिसाचा प्रश्न आहे!' सगळ्या खळखळून हसल्या होत्या. सर्वांत मोठ्याने शेवंताबाई.

"मला कुणी सांगितलं नाही," तो कसाबसा म्हणाला.

"तू विचारलेस?"

शिष्याची नजर पुन्हा मुठीवरच्या चिंधीकडे गेली.

"तुझ्या निबंधातल्या वसुलीच्या तक्त्यात दोनच रकाने आहेत," गुरुजी म्हणाले. "हप्ता आला, किंवा हप्ता आला नाही. तो कुठून आला, याला रकानाच नाही. आणि तुला एकट्याला दोष कोणत्या तोंडाने देऊ? तो तक्ता मी तीन वेळा वाचला. त्याखाली परीक्षकांची पहिली सही माझी आहे. पन्नास वर्षे हेच शिकवत आलो, पण मलाही सुचले नाही. धोतराला इस्त्री हवी होती म्हणून कळले रे! नाहीतर आज आपण दोघे हसत छायाचित्राला उभे राहिलो असतो, आणि उद्या हा आकडा चाळीस गावांत गेला असता." गुरुजींनी टेबलाकडे बोट केले. "पुरस्कार तुझाच आहे. दिलेली सही मी मागे घेणार नाही. मानपत्र हे इथे आहे. उचलायचे असेल तर हातातली इस्त्री तेवढी खाली ठेव."

शिष्याने आईकडे पाहिले. तिने पदर तोंडाला लावला होता. मग तो इस्त्री घेऊन तसाच ध्वनिक्षेपकापाशी गेला.

"आकडा खोटा नाही," तो म्हणाला. "पण तो कसा आला, ते मला माहीत नाही. अकराशे जणींना विचारून होईपर्यंत ही योजना कृपा करून कुठेही नेऊ नका. आणि मानपत्र राहू द्या."

टाळ्या वाजल्या, असे सांगायला मला आवडले असते. वाजल्या नाहीत. अध्यक्ष कपाळाला हात लावून बसले आणि मागच्या रांगेतले काही लोक उठून चालू लागले. शिष्य पायऱ्या उतरला, तेव्हा गुरुजी मागून म्हणाले, "शेवंताला म्हणावे, माझे धोतर राहिले आहे."

तेथून तो थेट शेवंताबाईंच्या खोलीवर गेला. इस्त्री पाहताच बाईने ती त्याच्या हातून जवळजवळ हिसकावलीच. "अगं बाई! ही कुठनं आणलीस रे?" तिने झाकण उघडून पाहिले, मूठ चाचपली, चिंधी जागेवर आहे याची खात्री केली आणि मग तिचे लक्ष कोटाकडे गेले. "हे असं घालून गेलास? शोभा केलीस की स्वतःची! काढ आधी." तिने दारातच कोळसे पेटवले. "बक्षीस मिळालं ना पण?"

"नाही मावशी. राहिलं."

शेवंताबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "राहिलं म्हंजे? हप्ता तर पुरा भरला की रे आम्ही!"

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले. ते पुसून तो उंबऱ्यावर बसला आणि त्याने खिशातली वही काढली. "मावशी, एक विचारायचं राहूनच गेलं. दोन वर्षं हे हप्ते तुम्ही कुठून आणलेत?"

बाईने त्याच्याकडे निरखून पाहिले. "सगळे?"

"सगळे."

"मग बस," ती म्हणाली. "च्या टाकते. वेळ लागंल."

दिवेलागणीपर्यंत कोट तसाच पडून राहिला आणि वहीची अकरा पाने भरली. अजून एक हजार नव्याण्णव बायकांना विचारायचे होते.