धनेशाच्या पोटातलं वचन

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. मी त्या टेकडीवर उभा राहून डोळ्यांनी पाहिली. म्हणजे, तेव्हा माझे पणजोबासुद्धा जन्मले नव्हते. पण पाहिली. ऐका.

एका राज्यात दुर्गसेन नावाचा राजा होता. सगळं शहाणपण आपल्या एकट्यापाशी असावं, असं त्याच्या मनानं घेतलं. एका मांत्रिकानं त्याला धनेश पक्षी दिला. त्याच्यापुढं कुणी शहाणपणाचं वचन बोललं की धनेश ते गिळी, आणि बोलणाऱ्याच्या डोक्यातून ते पुसलं जाई. राजानं दवंडी पिटवली : घरटी एक वचन द्या.

नावाडीण पवळाई रांगेत उभी राहिली. आपलं खास ठेवणीतलं कशाला द्या? जे आळीत सगळ्यांना येतं तेच द्यावं. अडलंच तर शेजारीण आहे विचारायला. तिनं दिलं ते हे : नदी तांबडी झाली की हातातलं टाकून टेकडी चढायची. घरी आली ती स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन.

त्या पावसाळ्यात नदी तांबडी झाली. सारा गाव काठावर उभा. अशा वेळी काहीतरी करायचं असतं, एवढंच प्रत्येकाला वाटत होतं, आणि जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. मग पाणी आलं. खालची आळी गेली. पवळाईचा मुलगा राणू गेला. उरली धाकटी लेक भागू.

पुढचा पावसाळा तोंडावर आला, तशी पवळाई टेकडी चढून राजाकडे गेली. त्यानं सिंहासनासकट मुक्काम तिथं हलवला होता.

"महाराज, आमचं वचन परत द्या. एकच लेक राहिलीये माझी."

"खजिना असा रस्त्यावर सांडत नसतात, बाई."

तेवढ्यात धनेश बोलला. चोच मिटूनच बोलला. जादूचे पक्षी तसेच बोलतात. "मांत्रिकाची अट आहे. जाणून झाकलेल्या तीन गोष्टी ज्यांच्यापासून झाकल्या त्यांना सांग. माझी चोच उघडेल."

राजा हसला. "सांगू दे की! झाकलेलं कुणी सांगतं होय?"

पवळाई आधी शिदू नावाड्याकडे गेली. त्याची नाव सदा गळायची. "भेगांत नुसती राळ भरू नकोस. चुना कालव तिच्यात."

"दहा वर्षं मी पाणी उपसतोय आणि तू पैलतीरावरून हसतेस! वा गं, पवळे!" पण त्यानं चुना आणला. धनेशाची चोच तिळभर उघडली.

मग ती धाकट्या जावेकडे, ठकीकडे गेली. दोघींचं चिंचेच्या झाडावरून भांडण होतं, चार वर्षांचं. "पोराचा ताप डोक्यात चढू लागला, तर त्याला ओल्या पंच्यात गुंडाळावं."

ठकी सूप पाखडत होती. हात थांबले. "माझा गणू तापानं फणफणत गेला तेव्हा तुम्ही दारात उभ्या होतात, आक्का."

"होते."

"तेव्हा येत होतं तुम्हाला हे?"

"येत होतं."

ठकी सूप पुन्हा पाखडू लागली. त्यात दाणे उरले नव्हते. चोच अर्धी उघडली.

तिसरी गोष्ट पवळाईला सुचेना. अखेर तिनं चावडीवर गाव जमवला. "मी पक्ष्याला काय दिलं ते आठवत नाही. पण सगळ्यांना येतं तेच निवडून दिलं होतं. तुमच्यापाशी असेलच म्हणून."

 मग कुंभार म्हणाला, "मीही तेच केलं." मग तेली. मग शिदू. मग घरटी एकेक.

टेकडीवर धनेशाची चोच सताड उघडली आणि चारशे आवाजांत चारशे वेळा एकच वचन बाहेर पडलं.

"एवढंच होतं?" राजा ओरडला.

"एवढंच, महाराज," धनेश म्हणाला. "तुम्हाला रोज कानात सांगत होतो. म्हणून तर वर राहायला आलात." आणि उडून गेला.

जादू उतरली, विसरलेलं सगळ्यांना आठवलं. राजानं दवंडी मागं घेतली. नदी तांबडी झाली तेव्हा सारा गाव हातातलं टाकून टेकडीवर चढला. त्या साली कुणी बुडालं नाही. पवळाईनं भागूला पोटाशी धरलं होतं. ठकीही वर आली, पण पाठ करून बसली. ती पाठ पुढं कधी वळली नाही.

आता कबूल करतो. धनेश आणि मांत्रिक माझ्या पदरचे. बाकी घडलं तसं आहे. विसरायला लोकांना पक्षी लागला, असं सांगितलं की ऐकणाऱ्याला जरा बरं वाटतं.