चांद्याने दावं तोडलं

गावोगावी लाकडी घाण्यावर तेल निघायचं, त्या काळातली गोष्ट. एका तेल्याचा चांद्या नावाचा तरणा बैल डोळ्यांना झापडं बांधून दिवसभर घाण्याभोवती डावीकडे वळत फिरायचा. गोठ्यात त्याच्या शेजारी सावळ्या नावाचा म्हातारा, आंधळा बैल असायचा.

एका सकाळी तेली झापडं बांधायला येण्याआधीच चांद्याने दावं तोडलं.

"निघालो, आबा! पुन्हा या घाण्याचं तोंड बघणार नाही."

"संध्याकाळपर्यंत परत येशील, लेकरा," सावळ्या हळूच म्हणाला.

"तुम्हाला दिसतं कुठे काही!"

चांद्या धावत सुटला. त्याने झाडं पाहिली, टेकडी पाहिली, नदी तर डोळे भरून पाहिली. आपल्या पायांकडे मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही. ते दर पावलाला जरासे डावीकडे पडत होते. दिवस कलला तेव्हा समोर तोच घाणा उभा होता.

चांद्याला रडूच फुटलं. "आबा, माझे डोळे तर उघडे होते! मग मला इथं कोणी आणलं?"

"तुझ्याच पायांनी."

"हे तुम्हाला सकाळीच कसं कळलं?"

सावळ्याने आपल्यापुढचा कडबा त्याच्याकडे सरकवला.

"मीही पळालो होतो रे. तेव्हा मला चांगलं दिसत होतं."