भागाईनं बांधलेला पाय

फार फार वर्षांपूर्वी, मांजरा नदीवर ना पूल होता ना धरण, तेव्हाची ही गोष्ट. नदी जिथं वळसा घेते तिथं वळणखेड नावाचं गाव होतं आणि त्या गावात भागाई राहत होती. भागाई मोडलेली हाडं बसवायची. हात मोडो, पाय मोडो, पंचक्रोशीतली माणसं बैलगाडीत घालून तिच्या अंगणात आणत. ती आधी त्या माणसाला असं काही झापायची की बिचारा दुखणं विसरून तिच्यावर चिडायचा, आणि तेवढ्यात टक्कन हाड जागेवर बसलेलं असायचं. मग बांबूच्या कामट्या लावून ती पाय बांधायची आणि वर आणखी चार शब्द सुनावायची. तिच्या शिव्या खाल्ल्याशिवाय हाड जुळतच नाही, असं म्हणतात.

पण या बाईचं स्वतःचं एक दुखणं होतं आणि त्याला कामट्या बांधता येत नव्हत्या. तिचा एकुलता एक मुलगा हिरामण, वाहून जाणारं वासरू धरायला पुरात उतरला तो परत आलाच नाही. वासरू पार खालच्या गावात सापडलं. हिरामणचं काहीच सापडलं नाही. तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर पाणी ओसरलं की भागाई काठाकाठानं चालत राहायची. ती काय शोधते ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं.

अशाच एका वर्षी पुरानं वळणावरची दरड कोसळली आणि आतून पायाचं एक हाड बाहेर डोकावलं. केवढं म्हणाल, तर देवळाच्या खांबाएवढं! बायकांनी पदर तोंडाला लावले. कुणी म्हणालं राक्षस, कुणी म्हणालं राक्षसाची आई. तेव्हा गावात देऊळ बांधायचं काम चाललं होतं आणि चुना कमी पडत होता. वळणखेडची माणसं नदीकाठचे पांढरे खडे वेचून भट्टीत भाजायची आणि त्याचा चुना करायची. सुभानराव पाटलांना त्या हाडात चुनाच दिसला. आकार हाडाचा असला तरी आहे तो पांढरा दगडच, असं त्यांनी ठरवून टाकलं. घण आला, पहिला घाव बसला आणि त्या भल्यामोठ्या पायाला आडवी चीर गेली.

तो आवाज भागाईनं दुरून ओळखला. हाड मोडल्याचा आवाज तिला कोण शिकवणार? ती धावत आली, गर्दी बाजूला लोटली आणि सगळ्यांसमोर त्या वस्तूला सरळ जीभ लावली. जीभ चिकटली.

"दगड जिभेला चिकटत नसतोय, पाटील," ती म्हणाली. "हाड हाय हे. हत्तीचं आसंल, नाहीतर हत्तीच्या पणज्याचं."

"आगं माय, मग एवढं जड कसं?" पाटलांनी विचारलं.

भागाई हाडावर हात ठेवून खाली बसली. असं म्हणतात, तेव्हा नदी क्षणभर वाहायची थांबली आणि तिच्या कानाशी बोलली. खरंखोटं नदीला माहीत. पण भागाईनं जे सांगितलं ते गाव कधीच विसरलं नाही.

"हे जनावर मेलं आन् गाळात रुतलं. गाळानं पांघरूण घातलं, म्हणून कोल्ह्याकुत्र्याला घावलं न्हाई. मग पाणी झिरपत ऱ्हायलं. आपल्या हंड्याच्या बुडाला पांढरा थर धरतो का न्हाई? तसाच थर हाडाच्या भोकाभोकात बसत गेला. हाड कणाकणानं विरलं, आन् जिथला कण गेला तिथं दगडाचा कण येऊन बसला. किती पिढ्या गेल्या आसतील, मला मोजता यायच्या न्हाईत. पर आकार मोडू दिला न्हाई बघा नदीनं."

पाटलांना ते पटलं, पण देवळाचं काम अडलं होतं. त्यांनी घणवाल्याला पुन्हा खूण केली. तेव्हा भागाई त्या हाडावर आडवी पडली. सगळ्या गावाला शिव्या देणारी ती बाई पहिल्यांदाच हात जोडून बोलली.

"पाटील, ह्याच गाळात माझा हिऱ्या हाय. नदीनं त्याला बी आसंच जपलं आसंल. आज ह्याला फोडलंत, तर उद्या कुणीतरी माझं लेकरू भट्टीत घालंल."

घणवाल्यानं घण खाली ठेवला. सुभानरावांनी डोक्याचा पटका सोडला आणि बांधायला फडकं म्हणून तिच्या पुढ्यात धरला. त्यांना स्वतःला तीन मुलं होती.

भागाईनं त्या पायाला कामट्या लावल्या. "हालू नगंस मुडद्या, एवढा मोठा झालास तरी अक्कल न्हाई," असं हत्तीला दटावत तिनं पटका आवळला, आणि दटावता दटावता रडू लागली. इतकी वर्षं ती रडलीच नव्हती. मग सगळ्या गावानं ओंजळीओंजळीनं ओला गाळ लोटून ते हाड परत झाकलं.

पुढच्या पुरात काठ ठिकठिकाणी ढासळला, पण वळणावरची दरड हलली नाही. असं म्हणतात, हत्ती बांधलेल्या पायावर उठून उभा राहिला आणि त्यानं पाठीनं पाणी अडवलं. गावच्या न्हाव्यानं तर सोंडही पाहिली. तो गडी थापाड्या होता खरा, पण गाव वाचलं हे तर खोटं नाही.

भागाईनं मग काठाकाठानं शोधत फिरणं सोडलं. संध्याकाळी ती वळणावर येऊन बसायची आणि घरी गेल्यासारखी निवांत असायची. ती गेली तेव्हा तिच्या सांगण्यावरून तिला तिथंच गाळात ठेवलं.

आजही वळणखेडमध्ये कुणाचं हाड जुळलं की सुटलेल्या कामट्या त्या दरडीत नेऊन रोवतात. विहीर खणताना किंवा पाया काढताना काही पांढरं, टणक लागलं, तर आधी त्याला जीभ लावून बघतात. नाही चिकटलं तर काम पुढे चालू. चिकटलं, तर खणणारा कुदळ बाजूला ठेवतो, दोन्ही हातांनी ओली माती परत लोटतो आणि हळूच म्हणतो, "नीज रे हिऱ्या, माय जवळच हाय."