सुपडूशेठचा एसी आणि गिरजाबाईच्या शेळ्या

एका गावात सुपडूशेठ नावाचे कापडाचे व्यापारी राहत. गाव खानदेशातलं, उन्हाळ्यात अंगाची काहिली करणारं. शेठनी झोपायच्या खोलीत एसी बसवला आणि त्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. एसीला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम सुटला. पावसाळाभर त्यावर भरतकामाचं झाकण घालून ठेवलं, नव्याचं नवेपण जाऊ नये म्हणून. साफ करणारा माणूस आला, तर शेठ म्हणाले, "आमच्या घरात घाण असते का?" आणि त्याला दारातूनच वाटेला लावलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात एसी लावला की खोलीत कुबट वास येऊ लागला. शेठची लहानगी नात तेजू त्याच खोलीत आजीजवळ निजायची. तिला खोकला जडला, मग धाप लागू लागली. छातीतून शिटी वाजायची. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुठे ओल, बुरशी आहे का?"

"आमच्याकडे? छे. शेजारी शेळ्या आहेत, त्यांच्या वासाचाच हा त्रास," शेठ म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

शेजारी गिरजाबाई राहायची. एकटी बाई, शेळ्यांच्या दुधावर पोट भरणारी. तेजू आजारी पडली की न मागता वाटीभर दूध आणून द्यायची. शेठनी खिडक्या गच्च लावून घेतल्या, एसी दिवसभर चालू ठेवला, आणि चार माणसं गोळा करून गिरजाबाईला घाणेरडी ठरवलं. तिला शेळ्या विकायला लावल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! तेजूची आई रेवती तिथेच उभी होती. सासऱ्यांपुढे बोलायचं कसं, म्हणून ती मान खाली घालून राहिली.

शेळ्या गेल्या. वास तसाच राहिला. त्याच आठवड्यात तेजूचे ओठ निळे पडले आणि दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावावा लागला.

पोरीचे कपडे न्यायला रेवती घरी आली. खोलीत शेठ एसीखाली आरामात लोळत पडले होते. तोच कुबट वारा तिच्या तोंडावर आला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने एसी बंद केला, स्टूल ओढलं आणि एसीचं पुढचं झाकण उघडलं. जाळीवर काळ्या बुरशीचा थर होता, आतल्या पंख्यावरही तोच. तिने जाळी काढून शेठपुढे आपटली.

"मामंजी, हा घ्या शेळ्यांचा वास."

"हळू बोल. शेजारी ऐकू जाईल."

"जाऊ दे. तुमचा मोठेपणा माझ्या लेकीच्या छातीत जाऊन बसलाय. आणि त्या बाईच्या पोटावर पाय दिलात. मी गप्प बसले, मीही तेवढीच दोषी. आता गप्प बसणार नाही."

एसी उतरवला, खिडक्या उघडल्या. तेजू हळूहळू मोकळा श्वास घेऊ लागली. मग शेठ दोन शेळ्या घेऊन गिरजाबाईच्या दारात गेले.

गिरजाबाई म्हणाली, "शेळ्या राहू द्या, शेठ. चार माणसांत मला घाणेरडी म्हणालात. ते शब्द चार माणसांतच परत घ्या."

शेठ आल्या पावली परतले. चार माणसं गोळा करायला त्यांना अजून सवड झालेली नाही. शेळ्या त्यांच्याच अंगणात ओरडत असतात.

तात्पर्य: आपल्या घरातली घाण झाकून तिचं खापर शेजाऱ्यावर फोडू नये, ती घाण आधी आपल्याच लेकराबाळांच्या जिवावर उठते.