चंपाकळीची सोंड

फार पूर्वी, रानात सगळेच बोलत होते तेव्हाची गोष्ट. चंपाकळी नावाच्या हत्तीच्या पिल्लाला आपली सोंड काही केल्या आवरेना. "आधी वाकव, मग वळव, मग धर," असं घोकत ती खाली पडलेल्या कवठाकडे सोंड न्यायची आणि सोंड तिच्याच पायात अडकायची. भुकेने ती रडकुंडीला आली.

फांदीवरचा हुप्या वानर खदखदून हसला. "अगं, ती सोंड नाहीच! शेपूट चुकून पुढे लागलंय तुला!"

चंपाकळी भडकली. घोकणं विसरून तिने सोंड उगारली आणि हुप्याचं लोंबतं शेपूट घट्ट पकडलं.

"सोड गं माझे आई!" उलटा लटकलेला हुप्या किंचाळला.

सोंडेकडे कौतुकाने बघत चंपाकळी म्हणाली, "धरायला आत्ताच जमलंय रे दादा. सोडायला अजून शिकायचंय!"