धुरपाच्या अकरा मिरच्या

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नेमकी किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. सांगणाऱ्याला ठाऊक नाही आणि ऐकणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही. डोंगराच्या उन्हाकडच्या अंगाला निमखडक नावाचं गाव होतं. गावात चाळीस चुली होत्या, एक विहीर होती आणि एक मिरची होती.

एक म्हणजे एकच जात. बोटाच्या पेराएवढी, बुटकी, पिकली की काळपट लाल. दिसायला अगदी गरीब, पण पाहुणा पहिल्या घासाला उचकी लागून उठायचा आणि दुसऱ्या घासाला परत मांडी घालून बसायचा. निमखडकच्या प्रत्येक परसात ती होती आणि निमखडकच्या शिवेबाहेर कुठेच नव्हती. गरिबाच्या घरात कालवण नसलं तरी ठेचा असायचा, आणि ठेचा असला की कोरडी भाकरीही जेवण म्हणवून घ्यायची.

मग पावसानं पाठ फिरवली. पहिल्या वर्षी शेतं गेली. दुसऱ्या वर्षी परसं गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात अख्ख्या गावात मिरचीची अकरा झाडं उरली, आणि ती अकराच्या अकरा धुरपाच्या परसात होती.

ही धुरपा म्हणजे ज्ञानूची बायको. उंचीला बेताची, जिभेला पुरेपूर. ज्ञानू बैल जगवायला नदीकाठच्या मुलखात गेला होता आणि घरात ती एकटीच होती. तिनं झाडांच्या मधोमध कमी भाजलेली मडकी गळ्यापर्यंत पुरली होती. त्यांत पाणी ओतलं की ते मातीच्या अंगातून हळूहळू पाझरायचं. बुडाशी पाचोळ्याचा थर होता, वर जुन्या वाकळेची सावली होती. भांडी धुतलेलं, तोंड धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, सगळं पाणी त्या मडक्यांत जायचं. आणि रोज सकाळी ती झाडांवरची फुलं खुडून टाकायची. बायका म्हणायच्या, हिच्या डोक्याला ऊन लागलं. ती म्हणायची, "आधी जगू तर द्या तिला, बाळंतपणाचं मागनं बघू."

तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी बाकीचे विसरले होते. प्रत्येक घराच्या आढ्याला मिरचीच्या बियांची पुरचुंडी लटकत होती, पण ते बी जुनं होतं. मिरचीचं बी दोन वर्षं झोपतं आणि मग झोपेतच जातं. पुढं कधी पाऊस आला, तर रुजणारं बी फक्त या अकरा झाडांचं असणार होतं. ही झाडं गेली की निमखडकची मिरची जगातून गेली.

गावचे पाटील होते शिदोजी. माणूस वाईट नव्हता. पण हुकूम एकदा तोंडातून निघाला की तो परत गिळायचा कसा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. विहिरीचा तळ दिसायला लागला तेव्हा त्यांनी हुकूम काढला: माणशी एक घागर, आणि ज्याला तोंड आहे त्यालाच पाणी. झाडाझुडपाला थेंब नाही. हुकूम वाजवी होता, गावानं मान डोलावली. फक्त सगळीकडं करपलेलं असताना धुरपाच्या परसात तेवढं हिरवं दिसत होतं, ते लोकांच्या डोळ्यांत खुपायला लागलं. ही पाणी चोरते, असं बोललं जाऊ लागलं. पाटलांनी विहिरीवर राखण बसवली. राखण बसली आणि झाडं आणखी टवटवीत झाली, असं म्हणतात.

एका सकाळी बायका पाणी भरत असताना पाटील विहिरीवर आले.

"धुरपे, तुझी मिरची हिरवी कशी?"

"तोंड धुते ते पानी तिला घालते, पाटील. भांडी धुते ते घालते."

"मानसं तहानली असताना मातीत पानी वततीस?"

"वाटनीचं पानी माझ्या हातावरनं गेलं की मंग ते कुनाचं?"

पाटलांचा आवाज चढला. "झाडं उपट. न्हाईतर उद्यापासनं तुझी घागर बंद."

धुरपानं नुकतीच भरलेली घागर शेजारणीच्या घागरीत रिती केली आणि विहिरीच्या कठड्यावर पालथी घातली.

"उद्याची वाट कशाला बघता? मीच बंद केली. ही झाडं मेली तर गावाची मिरची मेली. मंग भाकरीसंगं तुमचा हुकूम लावा तोंडी."

आणि ती मोकळ्या हातानं घरी गेली.

तीन दिवस ती पाण्यावाचून राहिली, असं म्हणतात. पहाटे मडक्याच्या अंगावर धरलेली ओल बोटानं पुसायची आणि ते बोट ओठांवरून फिरवायची, पण मडक्यातलं पाणी तिनं प्यायलं नाही. आता तुम्ही म्हणाल, असं कुठं असतं का? निमखडकमध्ये हे विचारू नका. एकानं विचारलं होतं, त्याला जेवणात ठेचा दुप्पट वाढला होता.

चौथ्या दिवशी नदीकाठाहून गावचा एक माणूस परत आला. ज्ञानू तापानं गेला, असं त्यानं सांगितलं. धुरपा उंबऱ्यावर बसली. भांडायला तिला सगळं गाव पुरलं असतं, पण भांडून झाल्यावर ज्याच्यापाशी जाऊन गप बसावं असा तो एकच होता. डोळे मात्र कोरडे.

शेजारची सरूकाकू धावत आली. तिच्या हातात तांब्या होता, कारण दुखवट्याच्या घरून निघताना हातपाय धुऊन निघायचं, ही रीत. ती धुरपाजवळ बसली आणि म्हणाली, "रड गं बाई. मोकळी हो."

"रडायला अंगात पानी कुटं हाय, काकू? आनि खारं पानी मिरचीला चालत न्हाई."

मग सरूकाकूच रडली, दोघींच्या वाटचं. निघताना ती परसात गेली, पहिल्या मडक्यावर हात धरले आणि धुतले. अर्धा तांब्या पाणी उरलं होतं. तिनं तो चुलीपाशी ठेवला आणि विसरून गेली. विसरली असंच सांगायचं असतं.

दुसऱ्या दिवशी पाच जणी आल्या. तिसऱ्या दिवशी वीस. प्रत्येकीच्या हातात तांब्या. जी ती घटकाभर बसायची, ज्ञानूचं चांगलं बोलायची, मडक्यांवर हात धुवायची आणि अर्धा तांब्या विसरायची. वरच्या आळीच्या आल्या, खालच्या आळीच्या आल्या, शिवेकडच्या झोपड्यांतल्याही आल्या. कुणाच्या हातावरचं पाणी कुणाच्या पाण्यात मिसळलं याचा हिशेब मिरचीनं ठेवला नाही.

पाटलांनी एकीला वाटेत अडवलं. "कुटं निघालीस?"

"दुखवट्याला."

"आनि तांब्या?"

"येताना हात धुवायला नकोत का, मामंजी?"

शेजारणीला पाणी देऊ नका, असं पाटील सांगू शकत होते. मेलेल्या माणसाच्या दारी जाऊ नका, असं सांगायला कुणाची जीभ रेटेल? तेरावा झाला, तरी दुखवटा संपला नाही. महिना झाला, संपला नाही. ज्ञानू साधा बैल हाकणारा माणूस, पण एवढा लांब दुखवटा कुठल्या राजालाही मिळाला नसेल.

आषाढात ढग आले. पाऊस पडला नाही, पण सावली पडली, आणि ऊन जरा उतरलं. तेव्हा धुरपानं सगळी फुलं खुडायचं थांबवलं. एका झाडावर एकच फूल ठेवायचं, बाकीची काढायची. अकरा फुलांच्या अकरा मिरच्या धरल्या. भाद्रपद सरता सरता त्या लाल झाल्या. तहानलेली मिरची चिडकी असते, पोटभर पाणी प्यालेल्या मिरचीपेक्षा जास्त तिखट. या तर तीन वर्षांच्या तहानलेल्या होत्या. त्यांच्यावरून उडणारी माशी शिंकायची, असं म्हणतात.

इकडं गाव पाटलांच्या पाठीमागं हसायला लागलं होतं, आणि हसू माणसाला ऐकू येतंच. एका दुपारी शिदोजी पाटील तडक धुरपाच्या परसात शिरले, पहिलं झाड मुठीत धरलं आणि मुळासकट उपटलं. त्याची लाल मिरची मुठीतच चिरडली गेली.

धुरपा दुसऱ्या झाडापुढं उभी राहिली. आरडाओरडा नाही, काही नाही. "एक उपटलंत. दुसऱ्याच्या आधी मला उपटा."

पाटील झाड टाकून निघून गेले.

घरी पोचेपर्यंत त्यांचा हात पेटला. पाण्यात घातला तर पाणी चर्र झालं, असं म्हणतात. काठी धरली तर काठी धुमसली. दाराची कडी धरली तर कडी लाल झाली. गावात ताक नव्हतं, तूप नव्हतं, लोणी कुठून असणार? आपल्या वाटणीची घागर त्यांनी हातावर संपवली आणि दुसऱ्याच्या वाटणीला हात लावला नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं, गजराबाईनं, त्यांच्यापुढं तांब्या ठेवला.

"दुखवट्याला जाऊन या. समदं गाव गेलं, तेवढं आपलंच घर ऱ्हायलंय."

पाटील निघाले. घराघरांच्या दारांतून माणसं बघत होती. धुरपानं त्यांना येताना पाहिलं.

"उपटायला आलायसा?"

"न्हाई," पाटील म्हणाले. "दुखवट्याला आलोय."

"मंग बसा."

ते बसले. तांब्या शेजारी ठेवला. मग म्हणाले, "ज्ञानू बैलांना कदी शिवी द्यायचा न्हाई. चिखलात गाडी रुतली तरी न्हाई. मला त्याचं लई नवल वाटायचं."

चार महिन्यांत ज्ञानूबद्दल पुष्कळ जणी पुष्कळ बोलल्या होत्या, पण हे कुणी बोललं नव्हतं, आणि हे खरं होतं. धुरपाचे डोळे भरून आले. तिनं वाफ्याकडं पाठ केली आणि मगच रडली. एकही थेंब मातीत पडू दिला नाही.

उपटलेलं झाड तिनं त्याच दिवशी परत लावलं होतं. ते मान टाकून उभं होतं. पाटलांनी त्याच्या मुळाशी हात धुतले. तांब्या रिता झाला तेव्हा हाताची आग शमली होती, आणि सकाळी त्या झाडानं मान वर केली, असं म्हणतात.

जाताना पाटील म्हणाले, "उद्यापासनं घागर सरळ कर."

"बंद मी केली हाय, पाटील. सरळ कवा करायची ते मीच ठरवीन."

तिनं ती मरेपर्यंत सरळ केली नाही. गावात पाणी झालं, विहीर काठोकाठ भरली, तरी ती घरोघरच्या तांब्यांतलं पाणी प्यायली आणि ताठ मानेनं प्यायली.

पुढच्या साली पाऊस झाला. तो कधीतरी होतोच, त्याचं एवढं कौतुक नको. आढ्याच्या पुरचुंड्या सुटल्या, बी पेरलं गेलं, आणि एकाही परसात एकही कोंब आला नाही. मग सगळं गाव धुरपाच्या दारी आलं. कुणाला काही ऐकवायची ही नामी संधी होती, पण तिनं ती वाया घालवली. दहा मिरच्यांचं बी तिनं आपल्या घरासकट एकोणचाळीस घरांत वाटलं. अकराव्या, चिरडलेल्या मिरचीचं बी तिनं वाफ्याच्या मातीतून एकेक वेचून ठेवलं होतं. ते तिनं पाटलांच्या घरी पाठवलं.

आजही निमखडकमध्ये मिरचीचं रोप टाकायच्या आदल्या दिवशी ज्ञानूचा दुखवटा धरतात. त्या दिवशी विहिरीवरच्या सगळ्या घागरी पालथ्या असतात. माणसं घरोघरी जातात, गेलेल्यांचं खरं तेवढंच बोलतात आणि मिरचीच्या वाफ्यात हात धुतात. पाटलांच्या घरचा कर्ता पुरुष सर्वांत आधी धुतो. रडायचं असेल त्यानं वाफ्याकडं पाठ करून रडावं, असा दंडक आहे.

त्या मिरचीचं बी निमखडक विकत नाही. मागेल त्याला देतं. आणि गावची लेक सासरी निघाली की आई तिच्या पदराच्या टोकाला अकरा बिया बांधते आणि सांगते, "पानी कमी पडलं तर हात धुतलेलं घाल. फुलं खुडावी लागली तर खुड. पर कुनी उपट म्हनलं, तर उपटू नगंस."

लेकी मान हलवतात आणि जातात. त्या जिथं जिथं गेल्या, त्या गावांतही आता ही मिरची आहे.